न आलेला हुकूमनामा

कोर्टातल्या लिपिक लिओटा हानाककडे तुम्ही कुणाचाही कागद मागा, ती ‘कशाला हवाय?’ असं कधी विचारायची नाही. घटस्फोट मागा, मारामारीचा खटला मागा, दारू पिऊन गाडी चालवल्याचा मागा. नाव लिहून घ्यायची, चष्मा कपाळावरून नाकावर आणायची आणि मागच्या खोलीत जायची. एकदा तिच्या सख्ख्या मेहुण्याची फाइल त्याच्याच शेजारणीने मागितली. काय भानगड आहे ते सगळ्या कॅल्व्हर गावाला माहीत होतं. लिओटाने फाइल काढली, धूळ पुसली आणि काउंटरवर ठेवली. बहीण वर्षभर तिच्याशी बोलली नाही. “कोर्ट माझ्या बहिणीचं नाही, सगळ्यांचं आहे,” एवढंच लिओटाचं म्हणणं.

मी आमच्या काउंटीच्या साप्ताहिकाचा बातमीदार. तीस वर्षं दर मंगळवारी कोर्टाचा जिना चढून मी तिच्या काउंटरवर कोपर टेकत आलो. मंगळवारी जज्ज येतात आणि तळघरातल्या कँटीनमध्ये चिली, म्हणजे मांस-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल असतात. बातमी न मिळाली तरी पोट भरायचं. लूमर काउंटीत जन्मलेल्या माणसाला हे दोन पदार्थ एका ताटात का वाढतात, असा प्रश्न पडत नाही, आणि बाहेरच्याला पडला तर आम्हाला त्याची दया येते.

चुकून वर आलेल्या माणसाला लिओटा अख्खं राज्याचं न्यायखातं अर्ध्या मिनिटात समजावून सांगायची. “खालचा मजला काउंटी कोर्ट. जोरात गाडी हाकली, म्हातारा मृत्युपत्र करून गेला, शेजाऱ्याच्या कुत्र्याने कोंबडी खाल्ली, ते सगळं खाली. वरचा मजला डिस्ट्रिक्ट कोर्ट. घटस्फोट, मोठे गुन्हे, मोठी भांडणं, ते माझ्याकडे. इथला निकाल पटला नाही तर राजधानीत, लिंकनला अपील. एकशेऐंशी मैल आहे. तिथवर राग टिकला तर जा.” आणि मासे पकडण्याचा परवाना समोरच्या दारात मिळतो, हे न विचारता सांगायची, कारण निम्मी माणसं त्यासाठीच आलेली असायची.

लग्न तिने केलं नाही. रोज सकाळी लोकांचे घटस्फोट उघडून बसणाऱ्या बाईला स्थळ सुचवायला कुणी धजावलं नसेल, असं मी एकदा तिच्या तोंडावर म्हणालो. “तीन जण आले होते,” ती म्हणाली, “तिघांच्या फाइली होत्या माझ्याकडे.”

तिच्या डोक्यावर भिंतीला एक पाटी होती: इथे कायद्याचा सल्ला मिळणार नाही. राज्यातल्या प्रत्येक कोर्टात ती असते. लिपिकाने कागद दाखवायचा, फॉर्म द्यायचा, तारीख सांगायची. पण ‘तुम्ही हे करा’ असं म्हणायचं नाही. लिओटा हा नियम तंतोतंत पाळायची, आणि तो पाळता पाळता जे करायचं ते करायची. कसं, ते आता येईलच.

दोन हजार बाराच्या मार्चमधली गोष्ट. डेल्मर ओस्टरबर्ग आणि त्याची बायको आर्डिस जिना चढून आले. डेल्मर पूर्वी धान्याच्या एलेव्हेटरवर, म्हणजे गावाच्या उंच कोठारावर, कामाला होता, त्याआधी सैन्यात. दर चार पायऱ्यांनी थांबत होता. पुढच्या आठवड्यात गुरुवारी ओमाहाला त्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि ऑपरेशनच्या आधी घरातला प्रत्येक कागद जागेवर असलाच पाहिजे, असं आर्डिसने डोक्यात घेतलं होतं.

“सैनिकांच्या दफनभूमीचा फॉर्म आहे,” आर्डिस म्हणाली. “नवराबायकोला शेजारी शेजारी जागा मिळते. आधीचं लग्न असेल तर त्याच्या घटस्फोटाचा हुकूमनामा जोडा म्हणतात. जोनेलचा.”

“जोनेल हॅस्टन,” डेल्मर म्हणाला. “एकोणीसशे त्र्याहत्तर. दोन वर्षांचं लग्न. पोरं नाहीत. कुणी रडलंसुद्धा नाही.”

“मी नाही तेवढं विचारलं,” लिओटा म्हणाली आणि आत गेली.

ती परत आली ती एक पातळ फाइल घेऊन. उभ्या उभ्या पानं उलटली, पुन्हा उलटली. मग कॉम्प्युटरपाशी गेली, काहीतरी टाइप केलं आणि पडद्याकडे बघत राहिली.

“डेल्मर, तुझा दावा चालू आहे.”

“कुठला दावा?”

“घटस्फोटाचा. अर्ज आहे, जोनेलला नोटीस पोचल्याचा शेरीफचा कागद आहे. हुकूमनामा नाही. इथे ‘प्रलंबित’ दाखवतंय.”

आर्डिसची पर्स खाली पडली. त्यातून आठ-दहा गोळ्यांच्या बाटल्या घरंगळत गेल्या. मी त्या गोळा करायला वाकलो, त्यामुळे पुढचं सगळं मी गुडघ्यांवरच ऐकलं.

“म्हणजे काय गं लिओटा?”

“मी फक्त कागदात काय आहे ते सांगते.”

“मग मी सांगते काय आहे ते! अडतीस वर्षं मी एका परक्या पुरुषाचे मोजे धुतेय!”

“परका काय गं,” डेल्मर म्हणाला. “मीच आहे की तो.”

“तू गप्प बस. तू जोनेलचा नवरा आहेस!”

“मी स्वतः उभा होतो त्या कोर्टात! जज्ज पार्मली म्हणाले, मंजूर! माझ्या कानांनी ऐकलं. आर्डिसशी लग्नाचा परवाना काढताना खाली तारीखसुद्धा सांगितली मी, आणि त्यांनी ती लिहून घेतली!”

“लिहून घेतली असेल,” लिओटा म्हणाली. “खाली कुणी वर येऊन बघत नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “रोजनामा बघते.”

रोजनामा म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय काय झालं ते जज्जनी जागच्या जागी लिहून ठेवलेलं. आता तो लिपिक कॉम्प्युटरवर लिहितात. तेव्हाचे रोजनामे तळघरातल्या तिजोरीत, उशीएवढ्या जाड वह्यांमध्ये होते. लिओटा वही दोन्ही हातांनी उचलून वर आली. पार्मलींचं अक्षर तिच्याशिवाय काउंटीत कुणालाच लागत नसे. बोट फिरवत तिने ते पान शोधलं, आणि बोट थांबलं. तिचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच बघितले.

ती ते पान मिटू शकली असती. ‘काही नाही इथे’ म्हणाली असती तर आम्हा तिघांना काय कळणार होतं? तिने वही काउंटरवर ठेवली आणि नेहमीसारखी समोरच्याकडे वळवली.

“वाचून दाखवते. शुक्रवार, सव्वीस ऑक्टोबर. दोन्ही पक्ष हजर. घटस्फोट मंजूर. हुकूमनामा वकील स्टब सोमवारी लिहून आणतील. लिपिकाने त्यांना आठवण द्यावी.” तिने खालच्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं. “हे ‘लि. हा.’ म्हणजे मी. नोकरीला लागून मला तीन आठवडे झाले होते.”

आमच्याकडे पद्धत अशी, की जज्ज तोंडाने निकाल देतात आणि हुकूमनामा लिहून आणायचं काम वकिलाचं. तो आला की जज्ज सही करतात, आणि सही झाली की माणूस सुटतो. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार म्हणजे आमच्याकडे फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा पहिला दिवस. त्याच्या आदल्या दुपारी या काउंटीत आजही कुणी धड काम करत नाही. पार्मलींच्या झग्याखाली शिकारीचे बूट असायचे, आणि वकील ऑरिन स्टबचा कुत्रा म्हणे खाली गाडीत बसून भुंकत होता. स्टब जो गेला तो सोमवारी आलाच नाही. त्याला मरूनही आता पंचवीस वर्षं झाली.

“मी तेव्हाच्या मोठ्या लिपिकबाईंना विचारलं होतं, फोन करू का म्हणून,” लिओटा म्हणाली. “त्या म्हणाल्या, आपण कागदाची वाट बघतो, कागदामागे धावत नाही. मग मी वाट बघितली. आणि मग विसरले.”

आर्डिस तिच्याकडे बघत राहिली. “माझ्या दोन्ही पोरींच्या लग्नात तू पहिल्या बाकावर बसलीस,” ती म्हणाली. “लोणी लावलेले पाव खाल्लेस. आणि पोरींच्या आईचंच लग्न तुझ्या वहीत अडकलं होतं.”

लिओटाने वहीवरचं बोट काढलं नाही. मला तिची फार दया आली, आणि आर्डिसची तिच्याहून जास्त, आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून मी गोळ्यांच्या बाटल्या काउंटरवर ओळीने लावून ठेवल्या.

“क्लेटन,” आर्डिस माझ्यावर घसरली, “यातलं एक अक्षर जरी छापलंस ना!”

“छापू शकतो तो,” लिओटा खालच्या आवाजात म्हणाली. “वही सगळ्यांना उघडी आहे.”

“तू कुणाच्या बाजूने आहेस गं?”

मी छापलं नाही. आज लिहितोय ते आर्डिसनेच परवानगी दिली म्हणून.

“बरं, आता करायचं काय?” डेल्मरने विचारलं. लिओटाने वर पाटीकडे बघितलं. डेल्मरनेही बघितलं. “म्हणजे तू सांगणार नाहीस.”

“सांगता येत नाही.” ती खुर्चीत जरा पुढे सरकली. “पण इथल्या फाइली कुणीही मागू शकतं. समज, अठ्ठ्याऐंशी सालची मॉर्टनसन विरुद्ध मॉर्टनसन आहे. हिरवी फाइल. वाचायला मजेशीर आहे.”

“मला काय करायच्यात मॉर्टनसनच्या भानगडी?”

“मी आपलं म्हटलं.”

“एक तर माझीच भानगड मला पेलेना...”

“डेल्मर,” आर्डिस म्हणाली. तिचा राग गेला नव्हता, पण तिच्या डोक्यात उजेड पडला होता. “आपल्याला हिरवी फाइल हवी आहे.”

“कशाला?”

“इथे कुणी कशाला ते विचारत नाही, तू कशाला विचारतोस? दे गं.”

मॉर्टनसनचा वकीलही असाच हुकूमनामा न आणता मेला होता. पण जज्जनी निकाल दिल्याचं रोजनाम्यात होतं. त्या आधाराने नव्या जज्जनी नंतर सही करून हुकूमनामा मागल्या तारखेपासून लागू केला होता. तो अर्ज फाइलमध्ये होता, कुठे काय लिहायचं त्यासकट. दोन पानांचा. लिओटाने त्याची नक्कल काढून दिली, दोन कोरे कागद दिले, आणि पेन तर काउंटरला साखळीने बांधलेलंच होतं. आर्डिसने नावं बदलून सगळा अर्ज उतरवून काढला, आणि घाई का ते कळावं म्हणून ऑपरेशनची एक ओळ घातली. डेल्मर शेजारी बसून ‘जोनेल’ कसं लिहायचं ते सांगत होता, ते काही तिला फारसं आवडत नव्हतं. निघताना तिने लिओटाला बाय म्हटलं नाही.

एक अडचण राहिली: जोनेलला कळवायला हवं होतं आणि तिची हरकत नसल्याची सही हवी होती. नाहीतर पुढच्या मंगळवारी सुनावणी होणार नव्हती, आणि लगेच गुरुवारी ऑपरेशन. लिओटाने तिचा पत्ता काढून अर्ज त्याच दिवशी फॅक्सने पाठवला. तो आठवडा मी काहीतरी कारण काढून रोज कोर्टात गेलो. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी फोन वाजला. अॅरिझोनाहून. जोनेलचा आवाज असा, की लिओटाने रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला होता आणि मला खिडकीपाशी सगळं ऐकू येत होतं.

“अहो बाई, हे काय पाठवलंय तुम्ही? माझी त्यानंतर तीन लग्नं झाली!”

“मला कायद्याचा सल्ला देता येत नाही, मॅडम.”

“दोन नवऱ्यांना घटस्फोट दिला मी! वकिलांची पोरं कॉलेजात घातली! ते सगळं काय, नसलेल्या लग्नांचं?”

“मला खरंच सांगता येत नाही, मॅडम.”

“आणि आत्ताचा बाहेर अंगणात मांस भाजतोय. त्याला कळायच्या आत कुठे सही करू ते सांगा.”

“फुली आहे तिथे सही करतात, मॅडम. बहुतेक लोक.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ती जरा हळू म्हणाली, “अर्जात त्याच्या हृदयाचं काहीतरी लिहिलंय. फार आहे का? ... नका सांगू, तुम्हाला सांगता येत नसणार. चांगला माणूस होता हो. नुसता बोलायचाच नाही. त्याला म्हणावं, नीट हो.”

संध्याकाळच्या आत सही फॅक्सने आली.

मंगळवारी जज्ज व्हेलान आल्या. चार काउंट्या सांभाळतात, गाडी स्वतः चालवतात, आणि वेळ वाया गेलेला त्यांना खपत नाही. डेल्मर लग्नाचा कोट घालून आला होता. बटणं लागत नव्हती. जज्जनी अर्ज वाचला, वही बघितली आणि म्हणाल्या, “हे अक्षर पार्मलींचं आहे असं कोण शपथेवर सांगणार?”

सांगणारी एकच बाई होती. साक्षीदारांना एकोणचाळीस वर्षं त्या खुर्चीचा रस्ता दाखवणारी लिओटा पहिल्यांदाच स्वतः त्या खुर्चीत बसली. हात वर करून शपथ घेतली. अक्षर पार्मलींचंच, वही कोर्टाचीच, तिजोरीतून कधी बाहेर गेलेली नाही, सगळं सांगितलं.

“ठीक आहे, उतरा,” जज्ज म्हणाल्या.

“वकिलांना आठवण द्यायला मला सांगितलं होतं. मी दिली नाही.”

“ते मी विचारलं नव्हतं.”

“रोजनाम्यात आहे, जज्जबाई. अर्धाच वाचून कसा चालेल? माझ्यामुळे या दोघांना हे बघावं लागलं. मला त्याचं वाईट वाटतं.”

मी आर्डिसकडे बघितलं. ती मांडीवरच्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

जज्जनी पेन उघडलं. “अर्ज मंजूर. सही आज होईल, हुकूमनामा सव्वीस ऑक्टोबर एकोणीसशे त्र्याहत्तरपासून लागू होईल.”

“थांबा, जज्जबाई,” आर्डिस उठून उभी राहिली. “सही होईपर्यंत मी कोण?”

जज्जनी चष्म्यावरून बघितलं. “या क्षणी कागदोपत्री? अविवाहित.”

“आणि सही झाल्यावर?”

“चौऱ्याहत्तरपासून यांची पत्नी.”

“म्हणजे मधे मला कुणी विचारणारच नाही.” ती डेल्मरकडे वळली. “याने तेव्हाही विचारलं नव्हतं. म्हणाला, शनिवारी एलेव्हेटर बंद आहे आणि चर्च रिकामं आहे. मी भोळी, आले. आठवडाभर मी विचार करतेय, जज्जबाई, की मी कुणाची कोण. फार वाईट आठवडा गेला माझा. आता सही करून तुम्ही मला बायको कराल ते मला कबूल आहे. पण मला नाही म्हणता येतंय तोवर याने मला एकदा विचारू दे.”

कोर्टात आम्ही जेमतेम सहा माणसं होतो. जज्जनी पेन खाली ठेवलं. ज्यांना वेळ वाया गेलेला खपत नाही त्या जज्ज मागे टेकून बसल्या.

डेल्मर टेबलाला धरून उठला. आधी कोटाचं बटण लावायला गेला, मग सोडून दिलं.

“आर्डिस, मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे,” तो म्हणाला. “परवा माझं काय होईल ते मला माहीत नाही. भीती वाटते. पण त्यासाठी विचारत नाही. भीती नसती तरी विचारलं असतं... म्हणजे, आधीच विचारायला हवं होतं. माझ्याशी लग्न करशील का?”

आर्डिस चांगली उभी राहिली, त्याच्याकडे बघत. डेल्मरच्या कपाळावर घाम आला होता. खरं सांगतो, मलाही आला होता.

“हो,” ती म्हणाली. “आता बस खाली. धाप लागेल.”

तो बसला आणि रुमालात तोंड घालून रडला. जज्जनी सही केली.

डेल्मरचं ऑपरेशन नीट झालं, हे इथेच सांगून टाकतो, कारण गोष्ट सांगताना लोक मला मधेच थांबवून तेच विचारतात.

सुनावणी संपल्यावर आर्डिस काउंटरवर आली. लिओटाने शिक्का मारलेला हुकूमनामा तयार ठेवलाच होता. आर्डिसने तो घेतला, घडी केली, पर्समध्ये टाकला, आणि तिथेच उभी राहिली.

“आजचा रोजनामा लिहिलास?”

“लिहिला.”

“तो सगळ्यांना उघडा असतो ना?”

“सगळ्यांना.”

“मग मला त्या पानाची नक्कल हवी आहे.”

लिओटाने कशाला ते विचारलं नाही. पान काढलं आणि आर्डिसपुढे वळवून ठेवलं. मी आर्डिसच्या खांद्यावरून वाचलं, त्यासाठी तिने मला कोपर मारलं.

‘अर्जदार डेल्मर ओस्टरबर्ग यांनी आर्डिस यांना लग्नाबद्दल विचारले, वेळ दहा बेचाळीस. आर्डिस यांनी विचार केला. हो म्हणाल्या. हुकूमनाम्यावर सही, वेळ दहा त्रेचाळीस. लि. हा.’

आर्डिसने ते दोनदा वाचलं. मग काउंटरवरून हात पुढे करून तिने लिओटाचं मनगट घट्ट धरलं.

“एक मिनिट,” ती म्हणाली. “बघ गं लिओटा, अख्खं एक मिनिट मी मोकळी होते.”